बसू नका, मामा

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. दुष्काळाची सालं होती. आमचं गाव तिसगावच्या अलीकडं आणि नणंदेचं सासर डोंगरापलीकडं. ती बाळंत झाल्याचा निरोप आला. गुरं टाकून सासूबाईंना हलता येईना. म्हणून त्यांनी खारीक, अळीव, जुन्या लुगड्याची दुपटी असं पाटीत भरून ती माझ्या डोक्यावर दिली आणि सासऱ्यांबरोबर मला धाडलं. एसटीनं मोठा वळसा पडायचा. डोंगरातनं सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला पोचता यायचं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, पण ते मनातल्या मनातच. त्यांच्याशी समोरासमोर बोलायची रीतच नव्हती. काही सांगायचं झालं तर सासूबाईंच्या तोंडून. उंच, हडकुळा माणूस, आवाज मात्र असा की गोठ्यातला बैलसुद्धा कान टवकारायचा. बाहेर पडताना कमरेला मागच्या अंगाला वीतभर सुरी खोचलेली असायचीच. दोर कापायला, पायातला काटा काढायला, भाकरीबरोबर कांदा चिरायला. तिला कातड्याचं म्यान होतं.

डोंगरमाथ्यावर बाभळींच्या जाळीतनं वाट जाते. मामा वाकून पुढं निघाले, मी पाटी सावरत मागनं. जाळी ओलांडली तर वाटेत म्यान पडलेलं. शिवण पार उसवलेली. काट्यात अडकून ओढलं गेलं असणार. मी ते उचललं आणि मान वर केली.

सुरी उघडी होती. करदोट्यात तिरकी अडकलेली, मूठ वर, टोक खाली धोतरावर टेकलेलं. मामा पाऊल टाकायचे तसं ते टोक कापडात रुतायचं आणि सुटायचं.

आणि पुढं उतार लागला. नुसता मुरूम. पावसाचा थेंब नसल्यानं माती धरून ठेवायला गवतसुद्धा नव्हतं. अशा उतारावर माणूस घसरला की पहिल्यांदा मागं बसतो, हे कुणी सांगायला नको. हाक मारावी तर काय म्हणून? सासऱ्याच्या कमरेकडं सुनेनं बघितलंच कशाला? आणि हाकेनं दचकून ते गर्रकन वळले, पाय निसटला तर?

मी खोकले. बांगड्या वाजवल्या. मामांनी मागं न बघताच विचारलं, "दमली का?"

तेवढ्यात त्यांचा पाय सरकला. खडे खळाखळा खाली गेले. काठी रोवून त्यांनी तोल सावरला. पण इकडं माझ्या डोक्यावरची पाटी कलंडली. एका हातानं ती धरली, दुसऱ्या हातात ते म्यान. डोळ्यांपुढं एकच दिसत होतं, मामा उताणे पडलेत आणि ह्या उजाड डोंगरात मी एकटी उभी आहे. कुणाला बोलावणार? घरी जाऊन काय सांगणार, की दिसत होतं पण तोंड उघडलं नाही?

उताराच्या मध्यावर एक मोठा सपाट दगड होता. मामा त्याच्यापाशी थांबले. "लई ऊन हाय. घडीभर टेकू," म्हणाले आणि दगडाकडं पाठ करून गुडघे वाकवले.

"बसू नका!"

माझा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला. मामा अर्धे वाकलेले तसेच थिजले. त्यांनी माझ्याकडं बघितलं तेव्हा वाटलं, आता संपलंच. आजच माहेरी पोचवतील.

"मामा, बसू नका. सुरी उघडी हाय. म्यान पडलं."

ते हळूहळू सरळ झाले. हात मागं नेला, चाचपत मूठ धरली आणि सुरी पुढं आणली. पात्यावर ऊन चमकलं. कितीतरी वेळ ते तिच्याकडं बघत राहिले.

"कवापासून?"

"वर जाळीपासनं."

"आन् आत्ता बोलती व्हय?" एवढंच म्हणाले. रागावून नाही.

मी पाटी उतरवली. डोक्यावरची चुंबळ सोडून फडकं मोकळं केलं. मामांनी पातं फाटक्या म्यानात घातलं, त्यावर फडक्याचे घट्ट वेढे दिले, गाठ मारली आणि सुरी पाटीत तळाशी आडवी ठेवली. मग खांद्यावरचं उपरणं काढून त्याची चुंबळ वळली आणि माझ्या हातात दिली. सासऱ्याचं उपरणं डोक्यावर! मी मागं सरले.

"घे. पाटी रुतंल," ते म्हणाले. बसायचं राहूनच गेलं. तसेच उतरत राहिलो. आता माझी नजर पायाखालच्या मुरमावरच होती.

नणंदेच्या घरी पोचल्यावर ती बाळाला घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. मामा म्हणाले, "तुझ्या भावजयीनं आज मला दटावलं." नणंदेचे डोळे मोठे झाले. "बरं झालं दटावलं," असं पुटपुटत ते हातपाय धुवायला वळले, तेव्हा मला धोतराला बोटभर चीर दिसली आणि तिच्या कडेला रक्त.

ह्या वेळी मी खोकले नाही.

"मामा, तुमाला लागलंय."

त्यांनी हात लावून बोटं पुढं धरली. "व्हय की," म्हणाले, आणि भिंतीला धरून उभे राहिले. नणंद हळद आणायला आत गेली. मी तिथंच उभी होते. बाळ कुणीतरी माझ्या हातात दिलं होतं आणि मी त्याला इतकं घट्ट धरलं होतं की ते रडायला लागलं.