वॉल्टर्सचं नाव नसलेला पेपर

शहाऐंशी साली तेलाचे भाव कोसळले आणि तेल कंपन्यांनी भूगर्भशास्त्राची मुलं घेणं बंद केलं. नागपूरच्या सुलेखा देवपुजारीची अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावच्या विद्यापीठातली पीएचडी तेव्हा संपत आली होती. टेक्सासचे दोन इंटरव्ह्यू कॅन्सल झाल्यावर तिने नॉर्वेचा विचार सुरू केला. जमिनीत खोल गाडले जाऊन पुन्हा वर आलेले खडक हा तिचा विषय, आणि नॉर्वेचा पश्चिम किनारा तसल्या खडकांनी भरलेला.

"यार, तिथे सूर्य उगवत नाही म्हणे," तिची रूममेट कांचन म्हणाली.

"बर्गनला उगवतो. पाऊस फार आहे, एवढंच."

"तुला कुणी सांगितलं?"

"कॉन्फरन्सला तिथले एक प्रोफेसर आले होते. त्यांनाच गाठून विचारलं."

पोस्टडॉकसाठी, म्हणजे पुढच्या संशोधनाच्या जागेसाठी, पीएचडी हातात असावी लागे, म्हणून तिने थीसिसचा डिफेन्स, म्हणजे तोंडी परीक्षा, घाईने उरकला आणि बर्गनच्या विद्यापीठाला अर्ज धाडला. नकार आला. काम चांगलं आहे, पण छापून आलेल्या चारही संशोधन-पेपरवर गाइडचं नाव आहे; स्वतंत्रपणे संशोधन जमेल का, हे सांगता येत नाही, असं निवड समितीचं मत होतं. ते तिला झोंबलं. जमेल का, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

वॉल्टर्स हे तिचे गाइड. त्यांच्याच लॅबमध्ये वर्षभराची तात्पुरती नोकरी धरून तिने त्या खडकांत सापडणाऱ्या गार्नेटच्या खड्यांवर एक काम सुरू केलं. कल्पना तिची होती; वॉल्टर्सना ती फारशी पटलेली नव्हती. तरी पेपरचा मसुदा वाचून त्यांनी नेहमीसारखं तिच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं. लॅबचा रिवाजच तो.

सुलेखा त्यांच्या ऑफिसात गेली. बसली नाही.

"डॉक्टर वॉल्टर्स, ह्यावर तुमचं नाव नको."

त्यांनी चष्मा काढला. "मशीन माझं आहे. ग्रँटही माझी."

"हो. आभारात तसं लिहिलंय."

"माझ्या नावाशिवाय संपादक तुला रखडवतील."

"रखडवू देत."

"आणि निष्कर्ष चुकला तर?"

"तर माझा चुकला."

वॉल्टर्सनी आपल्या नावावर रेघ मारली आणि फोन उचलून कुणाचा तरी नंबर फिरवायला लागले. सुलेखा बाहेर आली आणि त्याच दिवशी तिने पेपर टपालात टाकला. आठवड्याने ती पुन्हा त्यांच्याच दारात उभी राहिली, कारण बर्गनला पुन्हा अर्ज करायचा तर शिफारस त्यांचीच लागणार होती. "देईन," एवढंच ते म्हणाले. त्यांनी काय लिहिलं, ते तिला कधीच कळलं नाही.

पेपर एकदा परत आला. परीक्षकांनी त्याची सालटी काढली होती. तिने निम्मी मोजमापं नव्याने केली, आणि मग तो स्वीकारला गेला. दुसऱ्या खेपेला बर्गनच्या समितीने तिला दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं. पहिल्या क्रमांकाच्या माणसाने दुसरीकडे नोकरी धरली, म्हणून जागा तिला मिळाली.

"म्हणजे लकच की गं!" कांचन म्हणाली.

"थोडं," सुलेखा म्हणाली आणि बॅग भरत राहिली.

दोन वर्षं ती फ्योर्डांच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाड्यांच्या, काठाने भिजत हिंडली. मग अमेरिकेत परतून ओहायोतल्या एका लहान कॉलेजात शिकवू लागली. दर नाताळात ती वॉल्टर्सना कार्ड पाठवी. त्यांच्याकडूनही न चुकता येई, बायकोच्या अक्षरात.