अकराव्या असाइनमेंटखालची सही

साल दोन हजार पाच-सहाचं. मी दौंडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवायचो. राहायला शिरूरला, त्यामुळे सकाळची एसटी धरून दौंड आणि संध्याकाळी परत. तासिका तत्त्व ज्यांनी भोगलंय त्यांना काही सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की दर जूनला नवी ऑर्डर निघाली तर तुम्ही 'सर', नाही निघाली तर शिरूरच्या स्टँडवर उभे असलेले कुणीतरी. ऑर्डर निघावी म्हणून मी विभागप्रमुखांच्या पुढेपुढे करायचो आणि पोरांवर डाफरायचो. दोन्ही कामं मला चांगली जमायची.

लोडशेडिंगचे दिवस होते. लॅबमधले कॉम्प्युटर निम्मा वेळ प्लास्टिकच्या कव्हराखालीच असायचे. कॉलेजला इन्व्हर्टर होता, पण तो ऑफिसला. त्यामुळे जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं प्रॅक्टिकल आम्ही कागदावर करायचो. पोरं जर्नलमध्ये प्रोग्रॅम लिहायची आणि त्याचं आउटपुट काय येईल ते मी फळ्यापाशी उभा राहून सांगायचो. म्हणजे कॉम्प्युटरचं काम मीच करायचो. मी सांगितलेलं उतरवायचं, खाली माझी सही घ्यायची, आणि सगळ्या असाइनमेंटवर सही असेल तरच परीक्षेला बसायचं. यात काही गैर आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मला तर मुळीच नाही, कारण या पद्धतीत माझी चूक कधी सापडायचीच नाही.

अकरावी असाइनमेंट इनहेरिटन्सवर होती. इनहेरिटन्स म्हणजे एका क्लासवरून, म्हणजे वस्तूच्या साच्यावरून, दुसरा क्लास तयार करायचा. 'वाहन' नावाचा क्लास केला, त्यात चाकं आणि वेग ठेवला, की त्यावरून 'ट्रॅक्टर' करताना ते पुन्हा लिहावं लागत नाही. आणि हातातली वस्तू अमुक क्लासमधली आहे का, हे तपासायला जावात 'इन्स्टन्सऑफ' म्हणून एक शब्द आहे. त्यानं विचारलं की उत्तर येतं, ट्रू किंवा फॉल्स.

पुस्तकात प्राणी आणि कुत्रा यांचं उदाहरण होतं. नुसता एक प्राणी घेऊन 'हा कुत्रा आहे का' असं विचारलेलं, आणि उत्तर फॉल्स. बरोबरच होतं, प्रत्येक प्राणी काही कुत्रा नसतो. पण मला गावाकडच्या उदाहरणांची भारी हौस, म्हणून मी त्याचं वाहन आणि ट्रॅक्टर केलं. करताना प्रश्न उलटा झाला. मी ट्रॅक्टर घेतला आणि 'हे वाहन आहे का' असं विचारलं. उत्तर मात्र पुस्तकातलंच ठेवलं. सगळ्या वर्गानं खाली मान घालून फॉल्स उतरवलं. एका मुलीनं ट्रू लिहिलं.

ती वरवंडहून यायची. तिचे वडील कुरकुंभच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर होते. आडनावावरून मला ती गावातल्या कुठल्या वस्तीतली ते कळलं होतं, आणि ते कळल्याचा माझ्या वागण्यावर काही परिणाम होत नाही असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. जर्नल सहीला आलं तेव्हा मी ट्रूवर लाल रेघ ओढली.

"सर, ट्रॅक्टर वाहन न्हाई तर मग काय हाय?" तिनं हळूच विचारलं.

"मी काय सांगितलं होतं?"

"फॉल्स. पण सर, लाईट आल्यावर एकदा चालवून बघू का?"

विचारण्यात उद्धटपणा नव्हता. खरं तर संबंध वर्षात मला कुणी विचारलेला तो एकमेव शहाणा प्रश्न होता. पण सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "बरोबर आहे तुझं. मालगाडी पण गाडीच असते. उद्या स्टेशनात जा आणि मालगाडीत बसून पुण्याला जाऊन ये." वर्ग खदखदून हसला. मग मी तिला पान फाडून नवीन लिहायला लावलं. पहिल्या बाकावर एका बड्या बागायतदाराचा मुलगा बसायचा. हीच शंका त्यानं काढली असती तर मी 'बघू या' म्हणालो असतो. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तिनं नवीन पान लिहून आणलं. मी सही केली.

चारेक दिवसांनी दुपारी अवेळी लाईट आली. लॅबमध्ये मी एकटाच होतो. कशाला कोण जाणे, मी तो प्रोग्रॅम टाईप केला आणि चालवला. पडद्यावर आलं ट्रू. माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा तपासून चालवला. पुन्हा ट्रू. मग मी पुस्तक उघडलं, माझं उदाहरण शेजारी ठेवलं, आणि काय घोळ घातला ते लख्ख दिसलं. ट्रॅक्टर वाहनातच मोडतो, हे सांगायला खरं तर जावाचीही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात दोन वाक्यं बोलायची होती. माझं चुकलं, अकरावी असाइनमेंट दुरुस्त करा. पण तसं केलं तर अख्ख्या वर्गाची जर्नलं खोडायला लागली असती, विभागप्रमुखांनी विचारलं असतं, आणि जूनची ऑर्डर त्यांच्याच हातात होती. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं, की मला तिच्यासमोर उभं राहून चुकलो म्हणायचं नव्हतं. मी कॉम्प्युटर बंद केला, वर कव्हर घातलं आणि एसटी गाठली.

परीक्षेला कॉलेजनं जनरेटर आणला होता. त्या वर्षी प्रॅक्टिकलला विशेष महत्त्व होतं. जावाच्या प्रॅक्टिकलमध्ये जो पहिला येईल त्याला जूनपासून लॅब असिस्टंट म्हणून घेऊ, असं विभागप्रमुखांनी सांगून ठेवलं होतं. तिला ती नोकरी हवी होती. कायम पगार घरात आणणारी ती पहिलीच ठरली असती. वर्गात तिच्याइतकं कुणाला येतही नव्हतं. ते मला पक्कं माहीत होतं.

तोंडी परीक्षेला पुण्याहून आलेले एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, बसायचे आणि शेजारी इंटर्नल म्हणून मी. तिचा प्रोग्रॅम बिनचूक चालला होता. तिनं चार प्रश्नांची उत्तरं धडाधड दिली. एक्स्टर्नल खूश दिसत होते. सहज म्हणून त्यांनी तिचं जर्नल चाळायला घेतलं आणि अकराव्या असाइनमेंटवर थांबले.

"हे फॉल्स कसं काय?" त्यांनी तिला विचारलं. मग माझ्याकडे वळले. "सर, ही सही तुमची आहे ना?"

मी काही बोलायच्या आत तीच बोलली.

"सरांनी बरोबर सांगितलं होतं. मीच चुकीचं उतरवलं."

एक्स्टर्नल अजून माझ्याकडेच बघत होते. खरं बोलायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी म्हणालो, "हो, माझ्या नजरेतून सुटलं ते."

त्यांनी जर्नल मिटलं. ती बाहेर गेल्यावर म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण मूळ कल्पनाच कच्ची आहे हो मुलीची." आणि मार्क लिहिले. बागायतदाराच्या मुलापेक्षा दोन कमी. त्याचं जर्नल त्यांनी उघडूनही पाहिलं नव्हतं. उघडलं असतं तर त्यातही फॉल्सच होतं, खाली माझीच सही होती.

सगळ्यांची तोंडी संपून चहा आला तेव्हा मी बाहेर आलो. ती व्हरांड्यात वरवंडच्या एका मैत्रिणीची वाट बघत उभी होती.

"असं का सांगितलंस?" मी विचारलं. आवाजात जरब आणायचा प्रयत्न केला, ती काही आली नाही.

"मला म्हाईत हाय सर, ट्रू येतंय. स्टेशन रोडच्या नेट कॅफेत मी तवाच चालवून बघितलं व्हतं."

"मग?"

"तुमची ऑर्डर निघायची हाय ना अजून. ते पुण्याचे सर वर जाऊन काही बोलले असते तर." तिनं जर्नल ओढणीखाली धरलं. "एका प्रश्नानं माझं काय व्हतंय, सर."

काय झालं होतं ते मला माहीत होतं, तिला नाही. मार्कांची शीट अजून आत टेबलावर होती, पाकीट बंद व्हायचं होतं, एक्स्टर्नल चहात बिस्कीट बुडवत होते. मी आत गेलो. त्यांनी शीट पुढे सरकवली आणि म्हणाले, "इंटर्नलची सही इथं." मी तिथं सही केली.

जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली. ती घेऊन ऑफिसमधून बाहेर पडत होतो तेव्हा ती मार्कशीट न्यायला आली होती. लॅब असिस्टंट कोण झालं ते तिला तोवर कळलेलं होतं.

"निघाली का सर ऑर्डर?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. तिला खरोखर बरं वाटलं, तोंडदेखलं नाही, आणि तेच मला आजही सोसत नाही.