लांबडं ट्रम्पेट

"घाई नको करू भाऊ, पितळ अजून झोपून हाय." मास्तर असं म्हणायचा आणि ट्रम्पेट कोटाच्या आत, छातीशी धरून बसायचा. थंडीत पितळ गार असलं की सूर उतरतो. वऱ्हाडी कितीही ओरडोत, ऊब आल्याशिवाय तो ते तोंडाला लावायचा नाही.

चांद्याच्या आमच्या बँडचा तो मास्तर, पलटणीत शिकलेला. मी ढोलवाला. शाळा माझी लवकर सुटली, पण कोणाचा दम कुठं तुटतो हे मला बरोबर कळायचं.

त्या हिवाळ्यात त्यानं ट्रम्पेटातलं पाणी झटकलं, ते लालसर पडलं.

"पान खाल्लं," तो म्हणाला.

तुम्ही त्याला ओळखत असता, तर तो पानाला शिवत नाही हे तुम्हालाही ठाऊक असतं.

त्याच दिवसांत राजुऱ्याकडच्या खाणीच्या गोऱ्या साहेबाचं बोलावणं आलं. मडम पियानो वाजवायची. नाताळात तिला विलायती शास्त्रीय संगीतातला एक तुकडा करायचा होता. ट्रम्पेटवाला पुढं, पियानो साथीला. सूर सगळे उंच. मास्तरकडे दोन ट्रम्पेटं होती, एक लांबडं आणि एक आखूड, वरच्या पट्टीचं.

"छोटावाला लो मास्टर," मडम म्हणाली. ढोल तिला नकोच होता.

"बरोबर सांगून राह्यली ते," मी म्हटलं. "आखूड घे."

"आखूड्यात सूर झटकन लागते, पण पातळ लागते. बकरीवानी."

"मंग मर लांबड्यात."

"मरीन. पण बकरी होऊन नाई. लांबड्यावर सारी वरात वाजवतो ना मी?"

वाजवायचा, खरं आहे. पण दम संपत आला की तो उजवं कोपर वर करायचा. मग मी ढोल असा गडगडवायचो की लोकांना वाटे रंग चढला. तेवढ्यात मास्तर श्वास घ्यायचा. इतक्या वरातींनंतर माझ्या ढोलानं मिळणारा दम तो आपल्याच छातीतला समजायला लागला होता.

"तिथी मी नसीन," मी म्हटलं.

"तू कायले पाह्यजे मले?"

शब्द लागला. तरी नाताळच्या संध्याकाळी ढोल गळ्यात घालून मी साहेब लोकांच्या क्लबच्या खिडकीबाहेर उभा राहिलो.

"इथी काऊन उभा बे?" चपराशानं विचारलं.

"घरी उंदरं ढोल खातेत."

आत मास्तरनं लांबडंच उचललं. सुरुवात अशी भरदार झाली की चपराशीही मला हाकलायचं सोडून खिडकीशी आला. मग सूर चढत गेले. मास्तरच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, ओठ निळे पडले. कोपर वर गेलं. पियानो आपला चालतच होता. कोपर पुन्हा वर गेलं.

मी ढोल हाणला.

तावदानं हादरली. मडमचे हात थांबले. मास्तरनं श्वास ओढला आणि राहिलेलं सगळं एकट्यानं, शेवटच्या सुरापर्यंत नेलं. तो सूर भिंतीसारखा उभा राहिला. मग मास्तर खाली बसला. पांढऱ्या सदऱ्यावर लाल थेंब होते.

बाहेर आणल्यावर म्हणतो कसा, "गोऱ्याइचा तुकडा नासवला ना तू!"

"तुझा तं नाई नासला?"

तो हसला. हसण्याचा खोकला झाला, आणि तो काही केल्या थांबेना.

अडाण्यानं मैफल बुडवली, असं लोक अजून म्हणतात. म्हणोत. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हाणीन.

शिवरात्रीपर्यंत मास्तर राहिला नाही. मार्कंड्याच्या जत्रेत आम्ही वैनगंगेच्या वाळूत रांग धरली, तर मास्तरच्या जागी पुढं व्हायला कोणी तयार होईना. शेवटी मीच पुढं झालो. बँडच्या तोंडाशी नुसता ढोल चाललेला लोकांनी त्या दिवशी पाहिला, आणि वाट सोडली.