परेरांचं कपाट

जुन्या कपाटांच्या धंद्यात मी घासाघीस केल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही. पण वसईला सांतान परेरांचं सागवानी कपाट उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूला त्यांच्या वाडवडिलांची नावं पेन्सिलीने लिहिलेली दिसली, तेव्हा भाव बोलायचा राहूनच गेला.

"नावं आमची, शेट. आडनाव पाहुणं," म्हातारा हसला. "परेरा म्हणजे तिकडे पोर्तुगालात नासपतीचं झाड. तिथला कुणी जहाजाने आला, आमच्या पूर्वजाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिला आणि आपलं आडनाव देऊन गेला. आता माझी लेक ते कॅनडाला घेऊन गेलीय. ते झाड मात्र आमच्यात कुणी पाहिलं नाही."

रक्ताचं नातं नाही, भाषा एक नाही, तरी त्या माणसाने आपलं आडनाव परक्याला दिलं. माझ्या सख्ख्या भावाने मुलीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून चुलत-मावस सगळे छापले आणि मला तेवढं गाळलं. "तू भांडखोर," म्हणाला. आहेच मी. भांडलो नसतो तर गावातून रिकाम्या हाताने निघालेला मी उभा कसा राहिलो असतो? ती पत्रिका मी किती वेळा वाचली, कुणाला सांगणार नाही.

निघताना परेरांनी माझा नंबर घेतला. "नाव?"

"विठ्ठल."

"आणि आडनाव?"

"राहू द्या, अंकल. नुसतं विठ्ठल पुरे."

त्यांनी चष्मा सावरला आणि मोबाइलवर माझ्या नावापुढे एकेक अक्षर शोधत लिहिलं: कपाटवाले.