अक्काचं पथ्य

माझ्या घरी एकदा अंघोळीचं पाणी साजूक तुपावर तापलं.

लढाईचे दिवस होते. साताऱ्यात शुद्ध तूप नुसतं बघायला मिळालं तरी माणूस घरी जाऊन सांगायचा! आणि मी साधा शाळामास्तर. पण झालं खरं.

माझी थोरली बहीण अक्का विधवा, ती आमच्याकडेच असायची. तिच्या छातीत गाठ आली आणि ती तिने वर्षभर लपवली. गाठ फुटून लुगड्याला डाग पडू लागले, तेव्हा कुठे माझ्या बायकोच्या, सुशीलेच्या, लक्षात आलं. मी अक्कावर ओरडलोच, "आधी बोलायचं नाही का?"

"कुणाशी? तुझ्याशी? कुठे आहे म्हणून सांगू बापू?"

दुसऱ्याच दिवशी मी तिला घेऊन मिरजेची गाडी गाठली.

मिरजेच्या डॉक्टरांनी कर्करोग सांगितला. एक स्तन काढावा लागला. निघताना मी विचारलं, "पथ्य काय?" (पथ्य घेतल्याशिवाय आपल्या माणसाला दवाखान्याची पायरी उतरवत नाही!) डॉक्टर म्हणाले, "तेलातुपाचा या रोगाशी काही संबंध असावा, अशी काही जणांना शंका आहे. खात्री कुणालाच नाही. बेताने खाऊ द्या."

'शंका', 'खात्री' आणि 'बेताने' हे तिन्ही शब्द मिरज स्टेशनातच राहिले. साताऱ्याला मी फक्त 'तूप' घेऊन उतरलो!

त्याच दिवशी घरात बंदी जाहीर झाली. तूप बंद, लोणी बंद, फोडणीसुद्धा बंद! सुशीलेने वांगी पाण्यात शिजवून वाढली.

"अहो, ही भाजी आहे की धुणं?" वाढता वाढता तिनेच विचारलं.

"औषध समजून खा," मी म्हणालो.

अक्काने घास कसाबसा गिळला. "बापू, रोगाने मेले तर लोक हळहळतील. या वांग्याने मेले तर हसतील रे!"

तेवढ्यात आमची दूधवाली गंगूबाई दारात. पदराखाली तुपाचा लहानसा डबा. "आवं मास्तर, अक्का लय वाळल्यात. घरच्या म्हशीचं हाय. चार दिस चारा, ताकद येईल."

"गंगूबाई, तूप म्हणजे विष आहे त्यांना!"

"इख? माज्या म्हशीचं?" गंगूबाईचे डोळे भरले. डबा ओट्यावर आपटून ती निघून गेली.

आता या डब्याचं काय करायचं? उद्या परत करू. पण तोवर दोन उपाशी बायकांच्या घरात तो ठेवायचा कुठे? बंब पेटवणं हे एकच काम माझ्याकडे होतं. म्हणून बंबाच्या खालच्या राखेच्या खणात मी तो लपवला. काय ही हुशारी!

सकाळी अर्धवट झोपेत मी उठलो, नेहमीप्रमाणे गोवऱ्या रचल्या, काडी ओढली आणि खाली वाकून फुंकर मारू लागलो.

झाकण उडालं ते तोफेसारखं! बंबाच्या तोंडातून जाळ बाहेर आला आणि माझ्या दोन्ही भुवया घेऊन गेला. गल्लीभर साजूक तुपाचा घमघमाट! शेजारचे काका पंच्यावरच धावत आले. "मास्तर, होम कसला चाललाय?"

अक्का भिंतीला धरून उभी होती. पट्टीवर हात दाबून हसत होती. "टाके ओढतायत रे... मला हसवू नकोस..." हसता हसता ती रडायला लागली, आणि सुशीला तिला धरून आत घेऊन गेली. मिरजेहून आल्यापासून ती तोवर रडली नव्हती.

दिवाळीच्या सुमारास दुखणं उलटलं. काखेत गाठी आल्या, मग धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, "आता मागतील ते द्या." मी गंगूबाईच्या पाया पडून तूप आणलं. सुशीलेने मऊ भातावर वाढलं. अक्काने दोन घास खाल्ले आणि हात आखडला. "चव छान आहे रे, पण गिळवत नाही."

आठवड्याने ती गेली.

डॉक्टरांना मी शेवटी विचारलंच, "तुपानेच झालं ना हे?"

"मास्तर, तुपाचं मला माहीत नाही. वर्षभर आधी आणलं असतं, तर काही करता आलं असतं, एवढं माहीत आहे."

अजूनही गल्लीत कुणाला गाठ आली की लोक मला विचारतात, काय खावं, काय टाळावं? मी म्हणतो, "लाजू नका, आधी डॉक्टरांना दाखवा." ते थोडा वेळ वाट बघतात. मी पथ्य काही सांगत नाही, असं दिसलं की एकमेकांकडे बघून उठतात आणि जाताना म्हणतात, "मास्तरांना यातलं काही कळत नाही!"