मारुतीचा पडदा

नव्वद सालाच्या आसपास माझ्या धाकट्या भावाला शरीर कमावण्याचं वेड लागलं. वर्तकनगरात आमच्या इमारतीमागेच व्यायामशाळा होती. आईने जन्मात अंड्याला हात लावला नव्हता, पण या लाडोबासाठी तिने गॅलरीत वेगळा स्टोव्ह मांडला आणि नाकाला पदर लावून अंडी उकडू लागली.

एकदा तो मला म्हणाला, व्यायामशाळेतल्या मारुतीला पडदा शिवून दे, धूळ बसते. आमच्या ध्यानाला देवाची काळजी! मला भलतंच कौतुक वाटलं. मी लाल कापडाचा, दोरीने सरकणारा छान पडदा शिवून दिला.

हनुमान जयंतीला आम्हा बायकांनाही आत जाता येई. सुंठवडा देता देता त्याचा एक मित्र म्हणाला, "ताई, पडदा एकदम भारी झालाय. आता सुई घेताना देवाकडे बघायला लागत नाही." मला सगळं ठाऊक आहे असंच त्याला वाटत होतं. सुंठवडा माझ्या हातातच राहिला.

घरी आल्यावर मी भावाला धरलं. अंगात ताकद भरायची हार्मोनची इंजेक्शनं होती ती. बाकीची पोरं घेत होतीच, हा स्पर्धेसाठी आता सुरू करणार होता. नुसत्या अंड्यांवर नंबर येत नाही, म्हणाला. त्या सुयांपायी एकजण कावीळ होऊन पडलाय, हेही त्यानेच सांगितलं, वर सांगताना हसला. मला रडू कोसळलं.

"देवापुढे पडदा ओढलास. आईपुढे कसला ओढणार आहेस?"

घेणार की नाही, ते काही तो सांगेना.

स्पर्धा डोंबिवलीत होती. तेल चोपडलेला, चड्डीवरचा मुलगा स्टेजवर पाहून आईने आधी डोळ्यांवर पदर घेतला, मग हळूच बाजूला केला. शेजारची पोरं पोळ्याच्या बैलांसारखी दिसत होती. त्यांच्यात आमचा एवढासा. मी देवाला विनवत होते, याला जिंकू देऊ नकोस. नावं पुकारली गेली. त्याचं नाव आलं नाही. आई हळहळली.

तो खाली आला.

"नाही घेतली मी सुई, ताई," एवढंच म्हणाला.

तेलकट होता तसाच मी त्याला जवळ घेतलं. तो रडत होता, आणि मला आनंद लपवता येत नव्हता.