वसंताचे सिगार

माझा मित्र वसंता गेला, त्यानंतर काही दिवसांनी सुमनवहिनी सिगारची लाकडी पेटी घेऊन आमच्याकडे आल्या.

“तुमच्यासोबत ओढायचे म्हणून जपून ठेवले होते त्यांनी,” त्या म्हणाल्या. “आता तुम्हीच ओढा, भावजी.”

त्याच्या जावयाने परदेशातून आणलेली ती पेटी. वसंता म्हणायचा, एखादा चांगला दिवस येऊ दे, मग उघडू. त्या दिवसाची वाट पाहण्यात किती वर्षं गेली, कोण जाणे.

मी वहिनींसमोरच पेटी उघडली. एक सिगार उचलला, तर त्याच्या वरच्या पानाचा बोटांतच चुरा होऊन तो मोडला. दुसरा कसाबसा पेटवला. तोंडात नुसती जळक्या कागदाची चव आली आणि ठसका लागला.

“वाईट आहेत का हो?” वहिनींनी विचारलं.

“वाळलेत,” एवढंच म्हणालो.

मला राग आला होता. तो वसंतावर होता, की स्वतःवर? आम्ही रोज भेटायचो, रोज हसायचो. मग त्याला हवा असलेला चांगला दिवस आणखी कसला होता?

वहिनींनी तो मोडका सिगार नाकाशी नेला आणि डोळे मिटले. “त्यांच्या कपाटाला हाच वास होता. मी इतकी वर्षं तो त्यांचाच समजत होते,” त्या पुटपुटल्या.

मग त्यांनी तो तुकडा रुमालात बांधला आणि पेटी माझ्याकडेच ठेवून गेल्या. ते सिगार ओढता येत नाहीत, टाकवत नाहीत.